पीपीएफ खातं: मनासारखं काम करणाऱ्याला किती पुरतं?

पब्लिक प्रॉव्हिडंट फंड (पीपीएफ), म्हणजे केंद्र सरकारचं लांब मुदतीचं बचत खातं, विकायला दारात कोणी येत नाही. एजंटांचं एक टक्का कमिशन डिसेंबर २०११ पासून बंद झालं आणि तेव्हापासून या खात्याची जाहिरात करण्यात कुणाचाच फायदा उरला नाही. बँकेत जाऊन स्वतःहून मागावं लागतं, आणि मागितलं तरी टेबलापलीकडून आधी विमा पॉलिसीचं माहितीपत्रक पुढे येण्याची शक्यता जास्त.

योजना १९६८ची. पगारदार माणूस हे खातं करबचतीसाठी उघडतो, पण त्याचा पीएफ दर महिन्याला कापला जातच असतो. पीपीएफची खरी कसोटी लागते ती ज्यांचा कुठलाच पीएफ कापला जात नाही त्यांच्याकडे: नाटकाची प्रकाशयोजना करणारे, भाषांतरकार, क्लासमध्ये तासावर शिकवणारे, घरून डबे देणाऱ्या बायका, संस्थांमध्ये मानधनावर काम करणारे कार्यकर्ते. ‘आधी भरपूर कमवू, मग आवडीचं काम करू’ हे वाक्य या मंडळींना नातेवाइकांकडून कायम ऐकावं लागतं. भरपूर म्हणजे किती, हे मात्र ऐकवणारा सांगत नाही.

आमच्या मते त्यासाठी श्रीमंती लागत नाही. सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी लागतो, आजारपणाचा विमा लागतो, आणि म्हातारपणी मुलांपुढे हात पसरावा लागणार नाही एवढा पैसा लागतो. पीपीएफ यातलं फक्त तिसरं काम करतं. पहिली दोन कामं त्याच्या गळ्यात घातली की फजिती ठरलेली, आणि या खात्याबद्दलच्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच आहे.

आधी त्या ‘पीपीएफने करोडपती व्हा’ व्हिडिओंचा निकाल लावू. आकडेमोड बरोबर असते. दर वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला दीड लाख भरले, व्याज ७.१ टक्केच राहिलं आणि २५ वर्षं खंड पडला नाही, तर १ कोटी ३ लाख होतात. फक्त महागाई दर वर्षी ६ टक्के धरली, तर त्या रकमेत आजच्या सुमारे २४ लाखांचा माल येईल. त्यावरचं महिन्याचं व्याज ६१ हजार दिसतं. आजच्या भावाने ते १४ हजारांच्या आसपास. छोट्या गावात, स्वतःच्या घरात राहणाऱ्या दोन म्हाताऱ्या माणसांचा किराणा, वीजबिल, गॅस आणि साधी औषधं यातून निघतील. पुण्यात भाड्याने राहणाऱ्याचं घरभाडंसुद्धा निघणार नाही. हे खातं श्रीमंत करत नाही. महागाईच्या एक-दीड टक्का पुढे चालतं, एवढंच. पण तेवढं अंतर राखायला बाजाराकडे डोळे लावून बसावं लागत नाही, आणि ज्याचं डोकं दिवसभर वेगळ्याच कामात गुंतलेलं असतं त्याला ही सोय मोठी वाटते.

आता कुलपाबद्दल. पंधरा वर्षांचं खातं असं सगळे म्हणतात, पण ही पंधरा वर्षं खातं उघडलं त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून मोजतात. एप्रिल २०२६मध्ये उघडलेल्या खात्याची मोजणी ३१ मार्च २०२७ला सुरू होईल आणि पैसे १ एप्रिल २०४२ला मोकळे होतील. म्हणजे त्यात सोळा वर्षांचे हप्ते बसतात. इंटरनेटवरचे हिशेब पंधराच हप्ते धरून ४० लाख ६८ हजार दाखवतात. सोळावा भरला तर ४५ लाख १८ हजार होतात. उलट, तेच खातं आदल्या मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पाचशे रुपये भरून उघडलं असतं, तर वर्षभर आधी मोकळं झालं असतं. ज्याला खातं उघडायचंच आहे त्याने मार्चअखेर गाठावी.

मधल्या काळात पैसे काढण्याचा नियम बँकेत नीट समजावून सांगत नाहीत. ‘सहा वर्षांनी अर्धे काढता येतात’ एवढंच सांगितलं जातं. प्रत्यक्षात, उघडल्या वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षं पुरी झाली की वर्षातून एकदाच रक्कम काढता येते. ती मागच्या वर्षअखेरची शिल्लक किंवा चार वर्षांपूर्वीची वर्षअखेरची शिल्लक, यातली जी कमी तिच्या निम्मी. वरच्याच उदाहरणात, दर एप्रिलला दीड लाख भरत गेल्यास मार्च २०३२ला खात्यावर ११ लाख ५२ हजार दिसतील. ‘निम्मे म्हणजे पावणेसहा लाख’ असं मनात धरून माणूस मुलीच्या प्रवेशाचे पैसे भरायला निघतो. मिळणार २ लाख ५८ हजार, कारण हिशेब मार्च २०२९च्या ५ लाख १७ हजारांवर होणार. दरमहा पाच हजार भरणाऱ्याच्या खात्यावर त्या वेळी साधारण ४ लाख ४७ हजार असतील आणि हातात एक लाख येईल. योजनेत यात काही लपवलेलं नाही. फॉर्म वाचायचा कंटाळा आपला.

त्याआधी कर्ज मिळतं, उघडल्या वर्षानंतर एक वर्ष गेलं की पाचवं वर्ष सरेपर्यंत. दोन वर्षांपूर्वीच्या वर्षअखेरच्या शिलकीच्या २५ टक्के, वर्षाला एक टक्का व्याजाने, मुद्दल ३६ महिन्यांत फेडायची. मुदत चुकली की तो एक टक्का सहा टक्के होतो. रक्कम किरकोळ असते, त्यामुळे आम्ही हे कर्ज सोय म्हणून मोजत नाही. मोटरसायकलचं इंजिन बसलं तर उपयोगी, दवाखान्याचं बिल आलं तर नाही.

खातं मुदतीआधी बंद करायलाही पाच वर्षांची अट आहे आणि कारणं ठरलेली आहेत: स्वतःचं, जोडीदाराचं, आईवडिलांचं किंवा अवलंबून असलेल्या मुलांचं जिवावरचं दुखणं, स्वतःचं किंवा मुलांचं उच्च शिक्षण, किंवा परदेशी स्थायिक होणं. बंद करताना पहिल्या दिवसापासूनचं व्याज एक टक्का कमी दराने पुन्हा मोजतात. काम सुटलं, नाटक पडलं, शाळेने मानधन चार महिने अडवलं, ही कारणं या यादीत नाहीत. म्हणूनच स्वतंत्र काम करणाऱ्याने सहा महिन्यांचा खर्च बचत खात्यात किंवा छोट्या छोट्या मुदत ठेवींत आधी बाजूला काढावा आणि मग इथे हप्ता सुरू करावा. महिना तीस हजार खर्च असेल तर एक लाख ऐंशी हजार. ही रक्कम जमेपर्यंत पीपीएफमध्ये वर्षाला पाचशेच्या वर एक रुपया टाकू नये.

पाचशे रुपये मात्र टाकावेत, आणि या खात्याचं आम्हाला सगळ्यात जास्त पटलेलं वैशिष्ट्य तेच आहे. वर्षाला किमान ५००, जास्तीत जास्त दीड लाख, मधली कुठलीही रक्कम ५०च्या पटीत, हव्या तितक्या हप्त्यांत. घड्याळ चालू होतं ते खातं उघडल्यापासून, मोठी रक्कम भरल्यापासून नव्हे. महाराष्ट्रात प्राथमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाचं मानधन २०२३मध्ये वाढून १६ हजार झालं आणि त्यावर तीन वर्षं काढावी लागतात. त्या तीन वर्षांत बचत होत नाही हे उघड आहे. पण पहिल्याच वर्षी पाचशेवर खातं उघडून ठेवलं, तर कायम झाल्यावर भरलेल्या रकमेला तीन-चार वर्षं कमी कुलूप लागतं. शेवटच्या वर्षी भरलेले दीड लाख तर एका वर्षात मोकळे होतात. ज्यांची कमाई एका वर्षी चार लाख आणि पुढच्या वर्षी सव्वा लाख अशी वरखाली होते, त्यांना विम्याच्या ठरावीक हप्त्यापेक्षा हे कितीतरी सोयीचं पडतं. हप्ता चुकला म्हणून इथे कुणी आतापर्यंतचे पैसे गिळत नाही. एखाद्या वर्षी पाचशेही भरले गेले नाहीत तर खातं निष्क्रिय होतं. चुकलेल्या प्रत्येक वर्षाचे ५०० अधिक ५० दंड भरला की पुन्हा चालू. व्याज त्या काळातही मिळत राहतं, फक्त कर्ज आणि मधली उचल बंद असते.

व्याजाचं गणित तारखेवर आहे. दर महिन्याच्या ५ तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावर त्या महिन्याचं व्याज धरतात आणि ३१ मार्चला एकदम जमा करतात. दीड लाख ५ एप्रिलपर्यंत पडले तर वर्षभराचं व्याज १०,६५०. सहा तारखेला पडले तर ८८७ रुपये गेले. करबचतीच्या घाईत ३१ मार्चला भरले तर त्या वर्षाचं सगळं व्याज गेलं. सोळा वर्षं असंच करणाऱ्याचे शेवटी जवळजवळ तीन लाख कमी होतात. चेकने भरत असाल तर चेक वटल्याची तारीख धरतात, टाकल्याची नव्हे. १ एप्रिलला बँका ग्राहकांसाठी बंद असतात, मधे गुड फ्रायडे किंवा रविवार येतो, आणि ४ तारखेला पाठवलेले पैसे ६ला जमा दिसतात. दरमहा भरणाऱ्यांनी बँकेला कायमची सूचना १ किंवा २ तारखेची द्यावी. महिन्याला पाच हजार या पद्धतीने सोळा वर्षं गेले तर साडेसतरा लाखांच्या आसपास जमतात.

सुरक्षिततेत हे खातं निर्विवाद पुढे आहे, आणि इथे तुलना शेअर बाजाराशी करण्यापेक्षा गल्लीतल्या पर्यायांशी करायला हवी. छोटा दुकानदार, रिक्षावाला, डबेवाल्या ताई यांची बचत आपल्याकडे पिग्मीत, भिशीत किंवा पतसंस्थेत जाते. पिग्मीवाला रोज दारात येतो, हा त्याचा मोठा गुण. रोजचे शंभर रुपये त्यामुळेच बाजूला पडतात. पण बँक ठेवींना असलेलं पाच लाखांपर्यंतचं विमासंरक्षण सहकारी बँकांना लागू असलं, तरी पतसंस्थांना नाही. पतसंस्था बुडाली की वर्षानुवर्षं अवसायकाच्या, म्हणजे तिचा कारभार गुंडाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कार्यालयात खेटे. पीपीएफमागे थेट केंद्र सरकार आहे. व्यवहारात आम्ही दोन्हीची सांगड सुचवू: रोजची पिग्मी चालू ठेवा, वर्षाची रक्कम सुटली की त्यातली ठरावीक रक्कम एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पीपीएफमध्ये टाका.

आणखी एक बाब स्वतःचा धंदा किंवा बेभरवशाचं काम करणाऱ्याने लक्षात ठेवावी. कर्ज देणाऱ्याने कोर्टातून हुकूमनामा मिळवला तरी पीपीएफची शिल्लक त्यात जप्त होत नाही. प्राप्तिकराच्या थकबाकीला हे कवच लागू धरू नका. पण खानावळ बसली, छापखाना बंद पडला, भागीदाराने हात वर केले, तर मुदत ठेवी आणि दागिने जातात आणि हे खातं राहतं. नव्याने काही करून पाहायचं धाडस माणसाला अशा आधारातून येतं, मोठ्या बँक बॅलन्सची त्याला गरज असतेच असं नाही.

दर मात्र सरकारच्या हाती. १९८६ ते जानेवारी २००० या काळात पीपीएफवर १२ टक्के मिळत होते. त्या काळातल्या निवृत्तांच्या सुखवस्तूपणाचे दाखले आज कामाचे नाहीत. पुढे दर उतरत गेला, आणि एप्रिल २०२०पासून ७.१ वर थांबला. तो दर तिमाहीला जाहीर होतो आणि जुन्या-नव्या सगळ्या शिलकीला सारखाच लागू होतो. मुदत ठेवीसारखा उघडताना बांधून मिळत नाही. ३१ मार्च २०२१ला सरकारने तो ६.४ करण्याचा आदेश काढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अर्थमंत्र्यांनी तो नजरचुकीने निघाल्याचं सांगून मागे घेतला. एवढी मोठी नजरचूक! सोळा वर्षांचा हिशेब मांडताना ७.१ ऐवजी साडेसहा धरून मांडलेला बरा.

कराबाबत थोडक्यात. जुन्या कररचनेत भरलेल्या रकमेची वजावट मिळते, नव्या रचनेत नाही. व्याज आणि शेवटची रक्कम दोन्हीकडे करमुक्त. ज्याचं उत्पन्नच करपात्र नाही त्याला या सवलतीचं अप्रूप नाही, आणि योजनेचा एक दोष इथेच आहे: पाचशे भरणाऱ्याला आणि दीड लाख भरणाऱ्याला व्याज सारखं, पण सरकारी सवलतीचा वाटा वरच्या करपट्टीतल्या माणसाकडे जास्त जातो.

कागदपत्रांत चुका कुठे होतात तेही पाहू. एका माणसाच्या नावावर एकच खातं. पोस्टात एक आणि बँकेत एक चालत नाही, आणि असं दुसरं खातं सापडलं की व्याजावर पाणी सोडावं लागू शकतं. जुनं पासबुक आईच्या कपाटात आहे का ते आधी बघा. मुलाच्या नावाचं खातं तुम्ही पालक म्हणून चालवत असाल तर दीड लाखांची मर्यादा तुमचं आणि त्याचं मिळून आहे. जादा भरलेले पैसे बिनव्याजी परत येतात. संयुक्त खातं नसतं, त्यामुळे वारसनोंद न केलेलं खातं घरच्यांना त्रास देतं. पोस्टातून बँकेत बदली करताना नव्या शाखेत तीन गोष्टी तिथेच उभं राहून तपासा: मूळ खातं उघडल्याची तारीख, नॉमिनीचं नाव, आणि बदलीच्या महिन्याचं व्याज. तारीख जर बदलीच्या दिवसाची पडली, तर तुमचं खातं कागदावर पुन्हा शून्यापासून सुरू होतं, आणि ते लक्षात येतं ते पैसे काढायला गेल्यावर.

मुदत संपल्यावर काय, हा भाग स्वतंत्र काम करणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचा, आणि यावर फार कमी बोललं जातं. तीन वाटा आहेत. सगळे पैसे काढून खातं बंद करणं ही पहिली. दुसरी, हप्ते चालू ठेवून पाच-पाच वर्षांनी वाढवणं. त्यासाठी मुदत संपल्यापासून वर्षाच्या आत फॉर्म द्यावा लागतो, आणि त्या पाच वर्षांत मिळून सुरुवातीच्या शिलकीच्या ६० टक्क्यांपर्यंतच उचल मिळते. फॉर्म न देता पैसे भरत राहिलात तर त्या रकमेवर व्याज मिळत नाही. ही चूक सर्रास होते. तिसरी वाट, काहीच न करणं. खातं हप्त्यांविना आपोआप चालू राहतं, व्याज चढत राहतं, आणि वर्षातून एकदा हवी ती रक्कम काढता येते. पण असं वर्षभर गेलं की पुन्हा हप्त्यांच्या वाटेवर येता येत नाही.

आम्हाला ही तिसरी वाट आवडते. ४५ लाख १८ हजारांवर ७.१ने वर्षाचं व्याज ३ लाख २० हजार होतं. दर एप्रिलमध्ये मागच्या वर्षाचं तेवढंच व्याज काढून बचत खात्यात ठेवलं तर महिन्याला २६,७०० खर्चायला मिळतात, करमुक्त, आणि मुद्दल तशीच राहते. आजच्या भावात हे साडेदहा हजार. त्यावर कुणी घरी बसून खाणार नाही. पण पन्नाशी ओलांडलेल्या भाषांतरकाराला महिन्याला साडेदहा हजारांचं काम कमी घेता येतं, रात्री जागून करायची कामं नाकारता येतात, पैसे उशिरा देणाऱ्या गिऱ्हाइकाला रामराम ठोकता येतो. अडचण एकच. पैसे वर्षातून एकदाच निघतात, त्यामुळे बारा महिन्यांची वाटणी स्वतःच करावी लागते. ज्याला हातात आलेली रक्कम टिकवता येत नाही त्याने एप्रिलमध्ये काढलेल्या पैशांच्या दोन-तीन महिन्यांच्या अंतराने सुटणाऱ्या मुदत ठेवी कराव्यात.

कुणी उघडू नये? ज्याच्या डोक्यावर क्रेडिट कार्डाचं किंवा सावकाराचं कर्ज आहे त्याने आधी ते फेडावं. २४ किंवा ३६ टक्क्यांचं देणं ठेवून ७.१ टक्के मिळवण्यात अर्थ नाही. चार-पाच वर्षांत दुकान किंवा घर घ्यायचंय त्यानेही इथे पैसे अडकवू नयेत. परदेशी राहणाऱ्याला नवं खातं उघडता येत नाही. जुनं मुदतीपर्यंत चालवता येतं, वाढवता येत नाही. आणि पंचविशीतल्या माणसाने सगळी बचत इथेच घालणंही आम्हाला पटत नाही. इतक्या लांबच्या मुदतीत तिसरा हिस्सा तरी इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणाऱ्या म्युच्युअल फंडात) असावा, नाहीतर घरभाडं महागाईच्या पुढे पळालं की हे खातं एकटं पुरत नाही.

सोळा हजारांच्या मानधनात हे खातं घर चालवून देणार नाही, आणि कमी मजुरीवर ‘बचतीची सवय लावा’ हा उपदेश उतारा नाही. कामाचे पैसे वाढवून मागणं, तासाचा दर ठरवणं, आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय काम सुरू न करणं, हे आधी. पाचशेचं खातं मात्र येत्या मार्चअखेरपर्यंत उघडून टाका. आधार, पॅन, एक फोटो आणि नॉमिनीची माहिती एवढंच लागतं. नेटबँकिंग असेल आणि केवायसी झालेलं असेल तर घरबसल्याही होतं.